नाव तिनं ठेवलं, नावंही तिलाच ठेवली

१९६८ सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात चोवीस वर्षांच्या एका तरुणीचा तिच्या रेकॉर्ड कंपनीशी शेवटचा करार झाला. कंपनीनं तिला एकरकमी १ लाख ३९ हजार ८०४ डॉलर द्यायचे आणि पुढे एकमेकांशी काही देणं-घेणं नाही, असा तो कागद. त्या काळात ही रक्कम लहान नव्हती. पण कागदात आणखी एक अट होती. यापुढे स्वतःच्या गाण्याची जाहिरात करताना आपण ‘सुप्रीम्स’ या ग्रुपमध्ये होतो, असं तिनं म्हणायचं नाही. रेकॉर्डच्या कव्हरवर नाही, पोस्टरवर नाही, कुठंच नाही.

आणि ‘सुप्रीम्स’ हे नाव निवडलं होतं कुणी? तिनंच!

तिचं नाव फ्लोरेन्स बॅलार्ड. मैत्रिणी तिला फ्लो म्हणायच्या. डायना रॉस हे नाव तुमच्यापैकी काहीजणींच्या कानावरून गेलं असेल. जगभर गाजलेली गायिका. डायना पुढे आली ती याच सुप्रीम्समधून. पण हा ग्रुप उभा राहिला तो फ्लोमुळे, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. मलाही नव्हतं. २००६ मध्ये ‘ड्रीमगर्ल्स’ नावाचा इंग्रजी सिनेमा आला होता, तीन गाणाऱ्या मुलींचा. त्यातली एफी नावाची मुलगी, आवाजाने सगळ्यात दमदार आणि अंगाने जाड, तिला हळूहळू मागे सारलं जातं, मग काढून टाकलं जातं. शेवटी ती परत उभी राहते आणि मैत्रिणींबरोबर पुन्हा स्टेजवर गाते. सिनेमा पाहून मी डोळे पुसले, आणि मग कळलं की एफीचं पात्र ज्या बाईवरून सुचलं, तिच्या वाट्याला असला शेवट आलाच नव्हता. तेव्हापासून जे मिळेल ते वाचत गेले. आज तिच्याबद्दल सांगायचंय.

फ्लोचा जन्म ३० जून १९४३ चा, डेट्रॉइटचा. हे मोटारींच्या कारखान्यांचं शहर. दक्षिणेकडच्या राज्यांतून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबं कामाच्या शोधात इथं आली, त्यातलंच एक बॅलार्ड कुटुंब. वडील जनरल मोटर्समध्ये कामाला. घरात डझनभराहून जास्त भावंडं! गरीब कृष्णवर्णीयांसाठी सरकारनं बांधलेल्या ब्रूस्टर नावाच्या वसाहतीत ही मंडळी राहायची. चर्चमध्ये गाता गाता फ्लोचा आवाज तयार झाला. मोठा, भरदार, लांबवर जाणारा आवाज. १९५९ मध्ये वडील गेले तेव्हा ती जेमतेम सोळाची.

त्याच वर्षी तिथल्या एका मॅनेजरला आपल्या मुलग्यांच्या ग्रुपसाठी मुलींचा जोडग्रुप हवा होता. मुलग्यांचा ग्रुप ‘प्राइम्स’, म्हणून मुलींचा ‘प्राइमेट्स’. त्यानं सगळ्यात आधी विचारलं फ्लोला. शाळेच्या कार्यक्रमात ओळख झालेली मेरी विल्सन नावाची तिची मैत्रीण होती. कुणी ग्रुपसाठी विचारलं तर एकमेकींना सांगायचं, असं दोघींचं आधीच ठरलेलं. फ्लोनं शब्द पाळला आणि मेरीला बोलावून घेतलं. मग त्याच वसाहतीत राहणारी डायना आली, आणि बेटी नावाची चौथी एक जण. लग्नाच्या हॉलमध्ये, क्लबात, जिथं बोलावतील तिथं चौघी गायच्या. मुख्य आवाज बहुतेक वेळा फ्लोचा.

१९६० मध्ये, ती सतरा वर्षांची असताना, एका रात्री ओळखीच्या तरुणानं गाडीतून घरी सोडतो म्हणून तिला नेलं आणि चाकूचा धाक दाखवून तिच्यावर अत्याचार केला. कित्येक आठवडे ती घरात कोंडून घेऊन बसली. मैत्रिणींना काय झालंय तेच कळेना. शेवटी तिनं सांगितलं. ऐकून त्या हादरल्या, पण त्यांच्याही वयाला पुढे काय करायचं ते समजण्यासारखं नव्हतं. विषय तिथंच बंद झाला. ना उपचार, ना समुपदेशन, काही नाही. मेरीनं खूप पुढे, १९८६ मध्ये, आत्मचरित्रात हे सगळं लिहिलं तेव्हा जगाला कळलं. हसरी, धीट फ्लो त्यानंतर पूर्वीसारखी राहिली नाही, असं मेरीचं म्हणणं. आपल्याकडेही अशा गोष्टींवर पांघरूण घालण्यात घरंच्या घरं तरबेज असतात, त्यामुळं हे वाचताना मला परकं काही वाटलं नाही.

जानेवारी १९६१ मध्ये मुलींना मोटाउन कंपनीनं करारबद्ध केलं. बेरी गॉर्डी नावाच्या कृष्णवर्णीय तरुणानं एका साध्या घरात सुरू केलेली ही कंपनी पुढे अमेरिकेतली फार मोठी कंपनी झाली. गॉर्डीची अट एकच, ग्रुपचं नाव बदला. नावांची यादी पुढे आली. बाकीच्या मुली तिथं नव्हत्या की काय, निवड करायची वेळ फ्लोवर आली आणि तिनं ‘सुप्रीम्स’वर बोट ठेवलं. सुप्रीम म्हणजे सर्वोच्च. नंतर ऐकल्यावर बाकीच्यांनी नाकं मुरडली, पण तोवर ठरून गेलं होतं.

पहिली दोन-तीन वर्षं काही चाललं नाही. कंपनीतले लोक त्यांना हिट नसलेल्या सुप्रीम्स म्हणून चिडवायचे. या काळात फ्लोनं मुख्य आवाजात गायलेलं ‘बटर्ड पॉपकॉर्न’ नावाचं गाणं आलं आणि गेलं. चौथ्या जागी आलेली मुलगीही १९६२ मध्ये सोडून गेली. उरल्या तिघी.

मग गॉर्डीनं ठरवलं की यापुढे मुख्य गायिका डायना. तिचा आवाज पातळ आणि धारदार, रेडिओवर चटकन ओळखू येणारा, आणि गोऱ्या श्रोत्यांनाही भावेल असा. १९६४ च्या उन्हाळ्यात ‘व्हेअर डिड अवर लव्ह गो’ आलं आणि अमेरिकेत पहिल्या नंबरवर जाऊन बसलं. त्यामागोमाग दुसरं, तिसरं, चौथं, पाचवं, सलग पाच गाणी पहिल्या नंबरवर! बीटल्सच्या त्या लाटेत हे घडत होतं बरं का. १९६७ पर्यंत फ्लो ग्रुपमध्ये असतानाची अशी दहा गाणी झाली. टीव्हीवर, न्यूयॉर्कच्या महागड्या क्लबात, युरोपात, सगळीकडे या तिघी. कसं चालायचं, कसं बसायचं, हातात ग्लास कसा धरायचा हे शिकवायला कंपनीनं बाई ठेवलेली. मण्या-टिकल्यांचे झगे, उंच केसांचे टोप, एकसारख्या हालचाली. कृष्णवर्णीय मुलींना घरोघरच्या टीव्हीवर इतक्या रुबाबात अमेरिकेनं याआधी पाहिलं नव्हतं.

पैसा? तो कंपनी सांभाळायची. स्टुडिओचा खर्च, झग्यांचा खर्च, शिकवणीचा खर्च, सगळं मुलींच्या कमाईतून वजा व्हायचं आणि हातात ठरावीक खर्चाचे पैसे यायचे. आपण कमावलं किती आणि कापलं गेलं किती, याचा नीट हिशेब त्यांच्यापुढे नसायचा. तिघींनी डेट्रॉइटमध्ये एकाच रस्त्यावर घरं घेतली, गाड्या आल्या, अंगावर फर आली, तेव्हा हिशेब विचारायचं सुचणार तरी कुणाला?

आपल्याकडे पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी उभे असतात. त्यांच्याशिवाय रंग भरत नाही, पण नाव शाहिराचं. फ्लो आणि मेरी आता झीलकरी झाल्या होत्या. मेरीनं ते पचवलं. फ्लोला जमलं नाही, आणि मला विचाराल तर का जमावं? ग्रुप तिनं सुरू केला होता. स्टुडिओत तर तिचा आवाज इतका मोठा पडायचा की तिला माइकपासून लांब उभं करायचे, असं सांगतात. कार्यक्रमात तिच्या वाट्याला एकच मोठं गाणं उरलं होतं, ‘फनी गर्ल’ या नाटकातलं ‘पीपल’. पुढे तेही डायनाकडे गेलं.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते. फ्लोची काहीच चूक नव्हती, असं चित्र रंगवायचं मला कारण नाही. ती प्यायला लागली होती. काही कार्यक्रमांना ती उभीच राहू शकली नाही. वजन वाढत होतं, त्यावरून टोमणे बसत होते, आणि टोमणे बसले की ती आणखी प्यायची. रोज दौरे असणाऱ्या, एका कार्यक्रमावर शेकडो लोकांचं पोट अवलंबून असणाऱ्या ग्रुपला असा माणूस परवडत नाही, हे कुणीही मान्य करील. डायनाला खलनायिका करून टाकणंही मला पटत नाही. दोन बायका दिसल्या की त्यांच्यात भांडण शोधायची लोकांना सवयच असते. मुख्य आवाज कुणाचा, पोस्टरवर नाव कुणाचं, कोण राहणार आणि कोण जाणार, हे सगळे निर्णय घेणारा माणूस तिसराच होता. ऑफिसात बसलेला.

एप्रिल १९६७ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका मोठ्या कार्यक्रमात फ्लोच्या जागी सिंडी बर्डसाँग नावाची मुलगी उभी राहिली. म्हणजे पर्यायाची तयारी आधीच सुरू होती. जुलैमध्ये लास व्हेगासच्या फ्लमिंगो हॉटेलात कार्यक्रम चालू असतानाच फ्लोला परत पाठवण्यात आलं. ग्रुपचं नावही बदललं, ‘डायना रॉस अँड द सुप्रीम्स’. बाहेर सांगितलं गेलं की फ्लोला थकवा आलाय, ती विश्रांती घेतेय.

यानंतर ती जगली साडेआठ वर्षं.

सुरुवात काही वाईट नव्हती. फेब्रुवारी १९६८ मध्ये तो करार झाला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस तिनं टॉमी चॅपमनशी लग्न केलं. तो पूर्वी मोटाउनमध्ये ड्रायव्हर होता. मार्चमध्ये एबीसी नावाच्या दुसऱ्या कंपनीनं तिला घेतलं. वय २४, आवाज शाबूत, हातात पैसा, नवा संसार. तिनं गाणी रेकॉर्ड केली. पोटात जुळी होती तेव्हा. त्या वर्षी तिची दोन रेकॉर्डं बाजारात आली. दोन्ही आपटली.

का आपटली? एक तर सुप्रीम्सची हिट गाणी लिहिणारे हॉलंड, डोझिअर, हॉलंड हे त्रिकूट तिच्या पाठीशी नव्हतं. नवरा तिच्या कामाची व्यवस्था बघत होता, पण त्या धंद्यातलं वजन त्याच्याकडे कुठून असणार? आणि तिसरं कारण त्या कागदातलं. रेकॉर्डच्या दुकानात गेलेल्या माणसाला फ्लोरेन्स बॅलार्ड ही कोण, ते सांगायची सोयच नव्हती. ग्रुपचं नाव लोकांच्या तोंडी होतं, चेहरा पाहिलेला होता, पण स्वतंत्र नाव फक्त डायनाचं झालेलं. विचार करा, पंधरा वर्षं एखाद्या शाळेत शिकवलेल्या बाईनं नव्या नोकरीच्या अर्जात त्या शाळेचं नाव लिहायचं नाही, असं ठरलं तर तिच्या अर्जात उरेल काय?

एबीसीनं तिचा एक आख्खा अल्बम तयार करून घेतला आणि कपाटात ठेवून दिला. १९६८ च्या शरद ऋतूत जुळ्या मुली झाल्या. जानेवारी १९६९ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या शपथविधीच्या समारंभांत ती गायली, म्हणजे अगदीच विस्मरणात गेली होती असंही नाही. पण कार्यक्रम कमी होत गेले. एबीसीशी असलेला संबंधही संपला. १९७१ मध्ये तिसरी मुलगी झाली.

आणि ते १ लाख ३९ हजार डॉलर? इथं मला खरा राग येतो. तिचा जो वकील होता, तोच तिच्या कामाचा कारभारी झाला होता आणि पैशाचा व्यवहारही त्याच्याच हातात होता. त्याच्यावर पुढे अफरातफरीचे आरोप झाले. फ्लोनं त्याला काढलं, पण तोवर पैसा पातळ झाला होता. बाईचा पैसा दुसऱ्याच्या हातात, आणि विचारायला गेलं की अहो, तुम्हाला त्यातलं काय कळणार! हे डेट्रॉइटमध्ये चालतं, आणि आपल्याकडे चालत नाही असं कोण म्हणेल?

१९७१ मध्ये तिनं कोर्टात धाव घेतली. मोटाउन, गॉर्डी, डायना यांच्याविरुद्ध ८७ लाख डॉलरचा दावा. तिचं म्हणणं असं की कट करून मला ग्रुपमधून काढलं आणि माझ्या कमाईचा खरा हिशेब मला मिळालाच नाही. दावा फेटाळला गेला. अपील झालं, तिथंही १९७३ मध्ये ती हरली. कोर्टानं कोणत्या मुद्द्यावर तिला परत पाठवलं ते वाचून मी चक्रावले. कायदा असा की तडजोडीचा कागद मोडायचा असेल, तर त्या कागदावर घेतलेले पैसे आधी समोरच्याला परत करायची तयारी दाखवावी लागते. पैसे ठेवून घ्यायचे आणि कागदही नाकारायचा, असं चालत नाही. कायदा म्हणून त्यात तथ्य आहे, मी नाही म्हणत नाही. पण फ्लोकडे परत करायला होतं काय? ज्या पैशांसाठी ती भांडत होती, ते भांडण सुरू करण्यासाठीच आधी पैसे हवे होते. त्यामुळे तिचा हिशेब खरा की खोटा, इथपर्यंत कोर्टात गोष्ट गेलीच नाही.

पुढची घसरण वेगानं झाली. संसारात भांडणं, नवरा घर सोडून गेला. घराचे हप्ते थकले आणि ते मोठ्या हौसेनं घेतलेलं घर गेलं. तीन मुलींना घेऊन ती आईच्या, बहिणीच्या आसऱ्याला गेली. पिणं वाढलं. मुलं असलेल्या गरजू कुटुंबांना तिकडे सरकारकडून दरमहा मदत मिळते, ती तिनं घ्यायला सुरुवात केली. १९७५ च्या सुरुवातीला ही बातमी पेपरात आली, आणि तिथून देशभर. त्या बातमीत मात्र ती ‘माजी सुप्रीम’ होती! रेकॉर्ड विकताना जो शब्द वापरायला बंदी, तोच शब्द तिची गरिबी छापताना मथळ्यात. मथळे लिहिणाऱ्यांवर त्या कराराचं बंधन नव्हतं ना.

मधली एक हकिगत राहिली. १९७४ च्या सुमारास मेरीनं तिला कॅलिफोर्नियाला आपल्याकडे बोलावलं. डायना तोवर स्वतंत्र झाली होती आणि मेरी नव्या मुलींना घेऊन ग्रुप चालवत होती. एका कार्यक्रमात मेरीनं फ्लोला स्टेजवर नेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फ्लो उभी राहिली, पण गायली नाही. नुसती खंजिरी वाजवत राहिली. मेरीचा प्रयत्न मनापासूनचा होता, यात मला शंका नाही. पण ज्या ग्रुपची आपण पहिली, त्यात पाहुणी म्हणून उभं राहताना घशातून आवाज फुटायला काय लागतं, ते त्या स्टेजवर उभ्या राहिलेल्या बाईलाच माहीत. ती डेट्रॉइटला परतली.

आणि मग जून १९७५. त्या वेळी अमेरिकेत जोन लिटल नावाच्या तरुण कृष्णवर्णीय बाईचा खटला गाजत होता. नॉर्थ कॅरोलिना राज्यात ती तुरुंगात असताना पहारेकऱ्यानं तिच्यावर जबरदस्ती केली आणि स्वतःला वाचवताना तिच्या हातून तो मेला. तिच्यावर खुनाचा आरोप ठेवला होता. तिच्या खटल्यासाठी देशभर बायका पैसे गोळा करत होत्या, आणि असाच एक मदतीचा कार्यक्रम डेट्रॉइटच्या फोर्ड ऑडिटोरियममध्ये ठरला. तिथं फ्लोला गायला बोलावलं. मागे वाजवायला ‘डेडली नाइटशेड’ हा बायकांचाच बँड होता.

कित्येक वर्षांनी ती गायली, एकटी, मुख्य आवाजात. तिनं निवडलं होतं हेलन रेडीचं ‘आय अॅम वुमन’ हे त्या काळात बायकांच्या चळवळीचं झालेलं गाणं. समोरच्या लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. सतरा वर्षांची असताना या बाईवर काय गुदरलं होतं, ते त्या हॉलमध्ये बसलेल्या बहुतेकांना ठाऊक नव्हतं. जोन लिटलसाठी ती का उभी राहिली असेल, याचा विचार मी पुन्हा पुन्हा केलाय. त्या ऑगस्टमध्ये जोन लिटल निर्दोष सुटली. अमेरिकेतल्या बायकांच्या लढ्यात तो निकाल आजही महत्त्वाचा मानतात.

या कार्यक्रमानंतर फ्लोचं बरं चाललं होतं, असं म्हणता येईल. व्यसनासाठी तिनं दवाखान्यात राहून उपचार घेतले. विम्याच्या एका तडजोडीतून थोडे पैसे मिळाले, त्यातून पुन्हा घर घेतलं. नवरा परत आला. मुलाखतींना ती हो म्हणायला लागली. डेट्रॉइटच्या एका वार्ताहराशी तिनं तासन्तास बोलून आपली बाजू टेपवर सांगून ठेवली. त्या टेपवरून त्यानं, म्हणजे पीटर बेंजामिनसननं, २००८ मध्ये तिचं चरित्र लिहिलं. पुन्हा गाण्याचं मनात होतं.

२१ फेब्रुवारी १९७६ ला हातापायांना बधिरपणा आला म्हणून तिला दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी झाली होती. वय ३२. कराराला बरोबर आठ वर्षं झाली होती. घरात आईविना तीन लहान मुली उरल्या, थोरल्या दोघी सात वर्षांच्या आणि धाकटी त्याहून लहान.

अंत्यविधीला चर्चच्या आत-बाहेर हजारोंची गर्दी लोटली. डायना आली तेव्हा गर्दीतल्या काहींनी तिची हुर्यो उडवली. मला ते आवडलं नाही. ज्यांनी १९६८ मध्ये तिची रेकॉर्डं विकत घेतली नाहीत, त्यांतलेच कितीतरी त्या गर्दीत असतील की!

ग्रुपचं नाव फ्लोनं ठेवलेलं, पण त्यावर मालकी कंपनीची. याचा फटका पुढे मेरीलाही बसला. १९७७ मध्ये ग्रुप संपल्यावर तेच नाव वापरायच्या हक्कासाठी ती वर्षानुवर्षं भांडत राहिली. मग तिनं वेगळा मार्ग धरला. जुन्या ग्रुपची नावं लावून भलतेच लोक कार्यक्रम करतात आणि खऱ्या कलाकारांना बाजूला पडावं लागतं, त्याविरुद्ध कायदा व्हावा म्हणून ती राज्याराज्यांत फिरली, आमदारांपुढे बोलली. असा कायदा पंचवीसहून जास्त राज्यांनी केला. २०२१ च्या फेब्रुवारीत मेरी गेली.

फ्लोला मान मिळाला तो सगळा नंतर. १९८८ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये सुप्रीम्सचा समावेश झाला, त्यात तिचं नाव डायना आणि मेरीच्या बरोबरीनं होतं. २००७ च्या जानेवारीत ‘ड्रीमगर्ल्स’मधल्या एफीच्या भूमिकेसाठी जेनिफर हडसनला गोल्डन ग्लोब मिळाला, तेव्हा तिनं तो फ्लोरेन्सला अर्पण केला. २०२३ मध्ये ग्रॅमीचा जीवनगौरव पुरस्कार सुप्रीम्सना दिला गेला, तिघींच्या नावे. मुलींच्या एखाद्या ग्रुपला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ.

आणि एबीसीनं कपाटात ठेवलेली ती गाणी? तिच्या मृत्यूनंतर पाव शतक उलटल्यावर ती सीडीवर आली. कव्हरवर नाव छापलंय, ‘द सुप्रीम फ्लोरेन्स बॅलार्ड’.

मोबाइलवर यूट्यूब असेल तर तिला जरूर ऐका. सुप्रीम्सचा १९६५ चा सॅम कुकच्या गाण्यांचा अल्बम आहे, त्यातलं ‘एन्ट दॅट गुड न्यूज’ फ्लोनं गायलंय. शब्द कळले नाहीत तरी चालेल. आवाज थोडा कमी ठेवा मात्र, पहिल्याच ओळीला ती अशी काही सूर लावते की शेजारचं माणूस दचकेल.